प्रत्येक गोळीला सारखी नळी



येलहंकात जानेवारीच्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली उलटी करून कितीही झटकली तरी थेंब पडत नाही. गाव समुद्रसपाटीपासून जवळजवळ नऊशे मीटर उंच. आम्हा कोकणातल्या माणसांना गोठलेलं खोबरेल बघायची सवय नाही. पहिल्या हिवाळ्यात मी बाटली जॅकेटच्या खिशात ठेवून ड्यूटीला जायचो आणि परत येऊन डोक्याला तेल लावायचो. एप्रिलमध्ये तीच बाटली पाण्यासारखी वाहायची.

आजचा लेख बंदुकीच्या नळीबद्दल आहे. सुरुवात तेलाच्या बाटलीने का केली ते पुढे कळेल.

नवीन वाचकांसाठी दोन ओळी. सतरा वर्षं पायदळात काढली, पेन्शन आली, मग डीएससीत भरती झालो. सध्या पोस्टिंग येलहंका, एअर फोर्स स्टेशन. आतलं काही लिहिणार नाही, विचारूही नका. 1996 पासून इथे एअरो इंडियाचं प्रदर्शन भरतं आणि लोक लांबलांबून विमानं बघायला येतात. विमानांच्या गावात बसून मी ठासणीच्या बंदुकीवर लिहितोय याचं हसू येत असेल तर हसून घ्या. पण माझ्या मते बंदूक साफ करण्यामागचं कारण ठासणी जितकं उघड करून दाखवते, तितकं दुसरं हत्यार दाखवत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगतो. नळी चमकवणं आणि नळी नेमाला लायक ठेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. जवानाला दुसऱ्या कामाचं कारण सांगितलं नाही, तर तो पहिलंच काम करत राहतो.

माझी चूक

हे मी स्वतःची चूक सांगून सुरू करतो. बरीच वर्षं झाली. युनिटमध्ये फायरिंग कॉम्पिटिशन होती. आदल्या संध्याकाळी हत्यारांची तपासणी झाली, त्यासाठी मी माझी रायफल अशी घासली की साहेबांनी बॅरलमधून बघितलं आणि ‘शाबाश’ म्हणाले. त्या आनंदात कोतात जमा करण्याआधी नळीत तेलाची चिंदी सढळ हाताने फिरवली. गंज नको म्हणून.

सकाळी फायरिंग पॉइंटवर पाच राउंडचं ग्रुपिंग होतं. चार गोळ्या मुठीत मावतील अशा लागल्या. पाचवी कुठे वर जाऊन पडली होती. ती खरं तर पहिली होती. ग्रुपिंगमध्ये पाचही गोळ्या मोजतात, त्यामुळे आमची टीम मागे पडली. सगळे म्हणाले, ट्रिगर झटकला असेल. मलाही तसंच वाटलं.

संध्याकाळी आमच्या उस्तादांनी बाजूला घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. “फायर से पहले बैरल सुखाया था?”

नव्हती सुकवली. फायरच्या आधीची सफाई, फायरच्या दरम्यानची, फायरच्या नंतरची, हे सगळं मला रंगरूट असल्यापासून पाठ होतं. झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं. सुकी चिंदी मोठी, तेलाची चिंदी लहान, हेही माहीत होतं. पण तेलाची चिंदी लहान का, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. कारण साधं आहे. तेलाचा नुसता पुसट थर हवा असतो, नळीत तेल साचायला नको असतं. साचलेल्या तेलातून गेलेली गोळी वेगळ्या नळीतून गेल्यासारखी वागते. दुसऱ्या गोळीपर्यंत ते तेल उडून गेलेलं असतं. म्हणजे एकाच रायफलने मी दोन नळ्यांतून फायर केलं होतं.

कोडगूतले अप्पा

हे पाठ होतं ते समजलं कधी, तर येलहंकाला आल्यावर. माझा इथला जोडीदार कोडगूचा. कोडव लोकांना बंदुकीच्या परवान्यातून सूट आहे, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेली. सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यांचा कैलपोल्द नावाचा सण असतो, म्हणजे हत्यारांचा सण. भाताची लावणी झालेली असते. घरातल्या बंदुका देवापुढे मांडतात आणि त्यांच्या नळ्यांवर कळलावीची फुलं खोवतात. ते त्या फुलाला बंदुकीचं फूल म्हणतात. आपल्या दसऱ्याच्या शस्त्रपूजेची आठवण येते. मग झाडावर उंच नारळ बांधून नेमबाजी.

सुट्टी जुळली आणि जोडीदाराने घरी नेलं. त्याचे वडील जुने फौजी. सगळे त्यांना अप्पा म्हणतात, मीही म्हणालो. नारळावर पोरांची रांग लागली होती, नव्या बंदुका होत्या. अप्पांनी मला मागच्या बाजूला नेलं आणि घरातली जुनी एकनळी ठासणी काढली. मातीच्या बांधापुढे फळी उभी केली. फायर ते करणार, मी चिंध्या देणार आणि भोकं मोजणार.

पहिल्यांदा त्यांनी मुद्दाम नळी न पुसता फायर केलं. दारू, तेलकट चिंदीत गुंडाळलेली शिशाची गोळी, गज, केप, फायर. पुन्हा दारू, गोळी, गज. पहिल्या दोन वेळी गज सहज उतरला. चौथ्या वेळी त्यांना दोन्ही हात लावावे लागले. सहाव्या वेळी गोळी अर्ध्यावर अडली. फळीवर बघितलं तर भोकं नुसती पसरली नव्हती, प्रत्येक गोळीबरोबर सरकत गेली होती.

अडलेली गोळी त्यांनी उडवली नाही. गज बाहेर काढून मला दाखवला. त्याच्यावर चाकूने केलेली एक खूण होती. गोळी दारूवर पक्की बसली की ती खूण नळीच्या तोंडाशी येते. इथे खूण वीतभर वर राहिली होती. “ये निशान नीचे नहीं गया तो फायर नहीं,” ते म्हणाले. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. त्यांनी केप काढून टाकली, थेंब थेंब पाणी घालून दारू भिजवली आणि गजाला स्क्रू लावून गोळी ओढून काढली. अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात ते घाई करताना दिसले नाहीत.

मग नळी धुऊन, सुकवून दुसरी फेरी. या वेळी प्रत्येक गोळीनंतर एक ओली चिंदी, एक सुकी चिंदी, मग भरणं. गज प्रत्येक वेळी तेवढ्याच जोराने खाली गेला. गुळगुळीत नळीची म्हातारी बंदूक, तरी भोकं एका जागी जमली. अप्पा म्हणाले, “हर गोली को एक जैसी नाली दो. बस.”

सतरा वर्षांची वेपन ट्रेनिंग या एका वाक्यात बसली.

काजळी करते काय

ठासणीत जी काळी दारू जळते, तिचा वजनाने निम्म्याहून अधिक भाग वायू होत नाही. तो क्षारांच्या रूपाने घनच राहतो. काही धूर होऊन उडतो, बाकी नळीला चिकटतो. हीच काजळी. आजच्या बिनधुराच्या दारूत हा प्रकार अगदी थोडा, म्हणून आपल्याला तो कळत नाही.

काजळी नेम तीन वाटांनी बिघडवते. नळी आतून अरुंद होते, तीही सगळीकडे सारखी नाही. त्यामुळे गोळी ठासायला दर वेळी वेगळा जोर लागतो, खालची दारू वेगळी दाबली जाते, गोळीचा वेग बदलतो आणि ती वर किंवा खाली लागते. नळीत चरे असतील, म्हणजे ती खरी रायफल असेल, तर काजळी चऱ्यांत भरते आणि गोळीला पकड मिळत नाही. पकड नाही तर फिरकी नाही, फिरकी नाही तर नेम नाही. तिसरी वाट नळीच्या बुडाशी. काजळी आणि तेल मिळून केपच्या निपलचं बारीक भोक बुजवतात. चाप ओढल्यावर क्षणभर काही होत नाही आणि मग बार उडतो. त्या क्षणात बंदूक हललेली असते. म्हणून ठासणीवाले भरण्याआधी रिकाम्या बंदुकीवर एकदोन केपा उडवून वाट मोकळी करतात.

आता तेल. काजळीचे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. मशीनचं तेल तिच्यात मिसळलं की डांबरासारखा चिकट लगदा होतो. माझ्या आजोबांकडे शेती राखायच्या परवान्याची ठासणी होती, सिंधुदुर्गात तेव्हा बऱ्याच घरांत असायची. आजो म्हणायचो, “नळयेक आदी पाणी दी, मगे त्याल.” लहानपणी मला ते उलटं वाटायचं. लोखंडाला पाणी? पण तेच बरोबर होतं. क्षार हवेतला ओलावा ओढतात आणि एका रात्रीत गंज धरतात. कढत पाण्याने ते निघून जातात, गरम झालेली नळी पटकन सुकते, मग तेलाचा पुसट हात. जुन्या .303 वाल्यांना हे सांगायला नको. त्या काडतुसांच्या केपमधून नळीत क्षार राहायचे, म्हणून फायरिंगनंतर उकळतं पाणी ओतायची पद्धत होती. आजोबा कधी फौजेत नव्हते, .303 वाल्यांनी कधी ठासणी भरली नव्हती, तरी दोघांचं शास्त्र एकच.

गोळीबरोबर जाणारं वंगण ही आणखी वेगळी गोष्ट. त्याचं काम काजळी मऊ ठेवण्याचं, म्हणजे पुढची गोळी सहज उतरते. अप्पा मधमाशीचं मेण आणि खोबरेल एकत्र करतात. मार्चच्या उन्हात मेण जास्त, पावसाळ्यात आणि थंडीत तेल जास्त. नुसतं खोबरेल उन्हाळ्यात वाहून दारूत उतरतं आणि दारू भिजवतं. थंडीत जास्त मेण कडक होतं. येलहंकातली माझी बाटली आठवली? एक वंगण बारा महिने चालत नाही, आणि एका देशाचं वंगण दुसऱ्या देशात चालेलच असंही नाही. ही शेवटची गोष्ट कंपनी सरकारलाही ठाऊक होती.

एनफील्डचं वंगण

1853 नमुन्याची एनफील्ड ही ठासणीचीच रायफल. .577 इंचाची नळी, आत तीन चरे. गोळी नळीपेक्षा किंचित बारीक, म्हणून सहज उतरायची. बार उडाला की तिचं पोकळ बूड फुगून चऱ्यांत बसायचं. जुनी मस्केट शंभर यार्डांपलीकडे भरवशाची नव्हती, एनफील्डचा पल्ला कित्येक पटींनी मोठा. पण हे सगळं एका अटीवर: काजळी मऊ राहिली पाहिजे. म्हणून काडतुसाच्या कागदाला चरबी आणि मेण लावलेलं असायचं. वंगणावाचून त्या रायफलचा नेम टिकत नव्हता, हे तांत्रिक सत्य आहे.

1853 सालीच ही काडतुसं हवामानाच्या चाचणीसाठी हिंदुस्थानात आली. पहाऱ्यावरच्या शिपायांच्या पाऊचमध्ये ती ठेवली गेली आणि उष्णतेत चरबीचं काय होतं ते तपासलं. चरबी कुठल्या जनावराची याची खात्री करून घ्या, असं कर्नल टकर नावाच्या अधिकाऱ्याने त्याच वेळी लिहून कळवलं होतं. म्हणजे चरबी पाऊचमध्ये वितळते का हे बघितलं गेलं. ज्याच्या कमरेला तो पाऊच होता, त्याला कुणी काही सांगितलं नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. जानेवारी 1857 मध्ये डमडमला कुजबुज सुरू झाली. 27 जानेवारीला हुकूम निघाला की शिपायांनी आपल्या पसंतीचं वंगण स्वतः लावावं. नंतर काडतूस दाताऐवजी हाताने फाडायची कवायत आली. पण तोवर शंका चरबीवरून कागदावर गेली होती, तो चकचकीत का दिसतो म्हणून. एप्रिलमध्ये मेरठला तिसऱ्या घोडदळाच्या 90 जणांपैकी 85 जणांनी जी काडतुसं नाकारली ती तर जुन्याच प्रकारची होती. 10 मे रोजी भडका उडाला. जुलैच्या शेवटी कोल्हापूरची 27वी पलटण उठली. वरसईचे विष्णुभट गोडसे त्या सुमारास उत्तरेकडे निघाले होते. काडतुसांची गोष्ट वाटेत त्यांच्याही कानावर आली आणि ‘माझा प्रवास’मध्ये उतरली.

बंडाची कारणं मोठी होती: राज्यं खालसा झाली, भत्ते गेले, अपमान साठला. मी काही सगळं खापर चरबीच्या डब्यावर फोडत नाही. पण ठिणगी जिथे पडली ती जागा बघा. वंगणाचं कारण खरं होतं, समजावून सांगता येण्यासारखं होतं. मेण आणि तूप, मेण आणि तेल असे पर्यायही होते, आणि ते शेवटी मान्य झालेच. हे पहिल्या दिवशी विश्वासात घेऊन सांगितलं असतं तर? विचारायची सोय नसलेल्या माणसाने शंका घेतली. त्याने दुसरं काय करायचं होतं?

गोष्टीला दोन शेपट्या आहेत. त्याच लढायांत इथल्या उन्हात आणि धुळीत काजळी धरलेल्या नळीत गोळी उतरेना, म्हणून पुढे गोळीचा व्यास .568 वरून .550 इंचावर आणला. नळी आणि गोळीतलं अंतर पाव मिलिमीटरही नव्हतं, ते जवळजवळ पाऊण मिलिमीटर झालं. थोडी शिस्त सोडून भरण्याची सोय पत्करली. दुसरी शेपटी जास्त बोचते. बंडानंतर हिंदी शिपायांसाठी 1858 नमुन्याची मस्केट आली. बाहेरून एनफील्ड, आतून भोक रुंद आणि गुळगुळीत, चरे नाहीत. वंगणाचा विषय संपला, आणि शिपायाचा नेमही संपवला.

तपासणी आणि नेम

आता आजच्या गोष्टीवर येतो. आपल्याकडे हत्यार स्वच्छ आहे की नाही हे डोळ्याने ठरतं. नळी उजेडाकडे धरली, चमकली की पास. तपासणी हवीच. पण जवान चमक मिळवण्यासाठी काय काय करतो ते आपण सगळे जाणतो. घासायला नको त्या वस्तूने घासतो, पुलथ्रू तिरका खेचतो. .303 च्या काळात दोरी तिरकी घासून नळीचं तोंड झिजायचं, म्हणून उस्ताद दोरी सरळ खेचायला ओरडायचे. ठासणीत तर गज कायम तोंडातूनच आत जातो. नळीच्या तोंडाची कड ही गोळीला शेवटचा स्पर्श करते. ती एका बाजूने झिजली की आतली चमक काही कामाची नाही. अप्पा गज घालताना दोन बोटांनी तो मधोमध धरत होते, लोखंडाला लोखंड लागू नये म्हणून.

तर सफाईनेही नेम बिघडतो. कमी सफाईने बिघडतो, चुकीच्या सफाईने बिघडतो आणि माझ्यासारख्या जास्तीच्या तेलानेही बिघडतो. जगभरचे ठासणीचे नेमबाज आजही स्पर्धा करतात, त्यांची आंतरराष्ट्रीय संघटना 1971 पासून आहे. ते लोक चकाकीच्या मागे लागत नाहीत. प्रत्येकाचा आपला एक क्रम ठरलेला असतो, किती ओली चिंदी, किती सुकी, आणि तो क्रम ते मोडत नाहीत.

कुणी म्हणेल, फौजेत प्रत्येक हुकुमाचं कारण सांगत बसायला वेळ कुठे आहे? बरोबर आहे, गोळी चालू असताना नसतो. पण कोतासमोर चटई टाकून दोन तास हत्यारं साफ करताना असतो. त्या दोन तासांत उस्ताद पाच मिनिटं बोलला की ‘तेलाची चिंदी लहान, कारण पहिली गोळी वर जाईल’, तर तो जवान आयुष्यात विसरणार नाही. पाठांतर तपासणीपुरतं टिकतं. कारण समजलं तर रात्री, पावसात, कुणी बघत नसतानाही हात बरोबर चालतो.

हे मी फक्त फौजेसाठी म्हणत नाही. आमच्या गावात आजही डुकरं भात लोळवून जातात, आणि परवान्याची एखादी जुनी ठासणी घरात आहे. परवान्याच्या कागदावर कारण शेती राखणं एवढंच असतं, नळी कशी राखायची ते कुठेच नसतं. माझ्या लहानपणी वाडीतल्या एका माणसाची दोन बोटं गेली. गोळी अर्ध्यावर अडली होती आणि त्याने बार उडवला. गजावर खूण नव्हती. चाकूने एक रेघ मारायचं काम होतं, पण ती रेघ कशासाठी हे त्याला सांगणारं कुणी नव्हतं. माजी सैनिकांनी गावी गेल्यावर हे एवढं तरी सांगावं. त्याला पदक लागत नाही.

मागच्या महिन्यात आमच्याकडे फायरिंग होतं. शेजारी एक तरुण सिपाही बसला होता, पहिलीच वेळ माझ्याबरोबर. त्याने सुकी चिंदी घातली, काढली आणि विचारलं, “दादा, साफ तो कल ही किया था. आज फिर क्यों?”

मी पाच मिनिटं घेतली. फायरिंग पाच मिनिटं उशिरा सुरू झालं, आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

जय हिंद.